मॉडिफाय केलेली थार ठोकली गेली. क्लेमचं काय करायचं?

कोथरूडच्या एका गाडीमालकाचा प्रश्न थोडक्यात असा. २०२१ची थार, २.२ लिटर डिझेल, फोर बाय फोर. दोन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन वाढवून गाडी उंच केलेली), पुढे स्टीलचा बंपर आणि त्यात विंच (अडकलेली गाडी ओढायची मोटर), छतावर लाइटबार, स्नॉर्कल (पाण्यातून जाताना इंजिनाला हवा देणारी उंच नळी), चिखलासाठीचे मोठे एमटी टायर. यातलं काहीही इन्शुरन्स कंपनीला कळवलेलं नाही. नवले पुलाच्या उतारावर ट्रॅफिकमध्ये थांबलेले असताना मागून टेम्पोने ठोकलं आणि गाडी पुढच्या ट्रकच्या बुडाखाली घुसली. कोणाला लागलं नाही, हे महत्त्वाचं. गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये उभी आहे, परवा सर्व्हे, म्हणजे इन्शुरन्सची पाहणी आहे. तिथला ॲडव्हायझर म्हणतो, मॉडिफिकेशनमुळे क्लेम जाणार. मित्र म्हणतात, सर्व्हेअर यायच्या आत सगळं उतरवून ठेव. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापण्याची जोड, यंदा हप्ता वाचवायला घेतलेली नाही. शेवटी विचारलंय, लिफ्ट परत बसवता येईल का?

मी भोसरीत बॉडीशॉप चालवतो, २६ वर्षं झाली. सर्व्हेअर नाही, वकीलही नाही. पण सर्व्हेअरच्या शेजारी गाडीखाली आडवा पडून टॉर्च धरण्यात आयुष्य गेलं आहे. तेवढ्या अधिकारावर सांगतो.

आधी मित्रांच्या सल्ल्याचं बघू, कारण त्याला परवाची मुदत आहे. काहीही काढू नका. एक नटसुद्धा नाही. हा शहाणपणा मी स्वतः एकदा करून बसलो आहे. धंद्यात नवीन होतो, एका गिऱ्हाईकाची जिप्सी आली होती, पुढे घरगुती बनावटीचा लोखंडी बंपर आणि विंच. मीच म्हणालो, काढून ठेवू, कशाला डोक्याला ताप. सर्व्हेअर आले, वयस्कर गृहस्थ, शर्टाच्या खिशात चष्मा. गाडीभोवती एक चक्कर मारली, मग गुडघा टेकून चेसीच्या पुढच्या टोकावर टॉर्च मारला. तिथे चार भोकं. भोकांच्या कडेला घासून चकचकीत झालेला पत्रा, भोवती चौकोनी ठसा, आणि त्या चौकोनात चिखल नाही. त्यांनी ठशावरून बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "इथे काय होतं?" मी म्हणालो, काही नाही. त्यांनी फोटो काढला. नंतर टोचनवाल्याने रस्त्यावर काढलेला फोटो कंपनीकडे आला, त्यात विंच ठळक दिसत होती. लोखंडाच्या एका तुकड्यासाठी सरळ क्लेम माहिती दडवल्याच्या चौकशीत गेला, गिऱ्हाईकाचे सहा महिने गेले आणि माझ्याशी त्याचं बोलणं कायमचं थांबलं. चूक माझी होती. न कळवलेलं मॉडिफिकेशन हा वादाचा मुद्दा असतो. लपवलेलं मॉडिफिकेशन हा तुमच्या प्रामाणिकपणाचा मुद्दा होतो, आणि मग तुमच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहिलं जातं.

तुमच्या बाबतीत तर लपवणं शक्यच नाही. स्नॉर्कलसाठी फेंडरला पाडलेलं भोक कुठे नेणार?

आता ॲडव्हायझरच्या म्हणण्याकडे येऊ. "क्लेम जाणार" हे तो सवयीने म्हणतो. क्लेम मंजूर-नामंजूर करण्याचा अधिकार त्याला नाही. ५० हजारांच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याला कंपनी नेमते, पण तो कंपनीचा नोकर नसतो. तो नुकसान मोजतो, कारण लिहितो, रक्कम सुचवतो. निर्णय कंपनी घेते, आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. "तोंडी कळवलं होतं" याला या धंद्यात शून्य किंमत आहे, दोन्ही बाजूंनी.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातून आपोआप उलगडतं. इन्शुरन्स तुमच्या गाडीचा नसतो, कागदावरच्या गाडीचा असतो. पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, लिहिताना कंपनीने मॉडेलची मूळ किंमत धरली आणि वयाप्रमाणे कमी केली. त्यात विंच नव्हती, लाइटबार नव्हता. त्याचा हप्ता तुम्ही भरलेला नाही, म्हणून त्याचे पैसे मागायचे नाहीत. पण कागदावरच्या गाडीचा जो भाग मोडला, म्हणजे बॉनेट, फेंडर, रेडिएटर, चेसी, मागचं दार, त्याचा हप्ता पूर्ण भरलेला आहे. तो मागायचा, आणि मान ताठ ठेवून मागायचा.

मग प्रश्न उरतो की कळवलं नाही म्हणून सगळाच क्लेम नाकारता येतो का. कायद्याची बाजू तुमच्या सोयीची नाही, ते आधी ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, आरसीतल्या नोंदी गाडी बनवणाऱ्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करायचा नाही. केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पुढे त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं; परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुढच्या लोखंडी गार्डांविरुद्ध तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिलं होतं. तेव्हा तुमचा बंपर आणि विंच हे "ॲक्सेसरी" म्हणून आता मागून नोंदवता येईल अशा भ्रमात राहू नका. लाइटबारची नोंद सोपी असते, बंपरची कंपनी घेईलच असं नाही.

पण बेकायदा बदल आणि अपघात यांचा एकमेकांशी संबंध काय, हे विचारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. लिफ्ट केलेली, उंच टायरची गाडी ताम्हिणीच्या वळणावर उलटली असती, तर सर्व्हेअरने "गुरुत्वमध्य वर गेला, ब्रेकिंगवर परिणाम झाला" असं लिहिलं असतं आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. तुम्ही उभे होतात. उभ्या गाडीला मागून ठोकलं. लिफ्ट नसती तरी टेम्पो थांबणार नव्हता. ही गोष्ट क्लेम फॉर्ममधल्या अपघाताच्या वर्णनात स्वच्छ लिहा: गाडी थांबलेली होती, ब्रेकवर पाय होता, मागून धक्का बसला, त्या धक्क्याने गाडी पुढे गेली. पंचनाम्यातही हाच क्रम आला पाहिजे. तो आला नसेल तर पोलीस चौकीत जाऊन जबाब नोंदवा. डॅशकॅमचं फुटेज असेल तर आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मेमरी कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं, आणि वर्कशॉपमध्ये गाडी हलवताना कॅमेरा चालू राहतो.

फॉर्मच्या सोबत एक पानाचं पत्र जोडा. गाडीवर काय काय बसवलं होतं, साधारण कधी, ते पॉलिसीत नोंदवलेलं नव्हतं, आणि त्याची भरपाई मी मागत नाही. एवढंच. माफी नको, स्पष्टीकरण नको, "मला माहीत नव्हतं" नको. असं पत्र पाहिलं की सर्व्हेअरचं निम्मं काम होतं. त्याला जे शोधायचं असतं ते तुम्हीच पुढे ठेवलेलं असतं. मी पाहिलेल्या अशा बहुतेक क्लेममध्ये बाहेरचं सामान वगळलं गेलं आणि गाडीचं काम मंजूर झालं. कधी कंपनी "नॉन स्टँडर्ड" म्हणून रक्कम कापायचा प्रस्ताव देते. त्याला आधार आहे: अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून क्लेम पूर्ण नाकारला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने नॉन स्टँडर्ड तत्त्वावर एक ठोक रक्कम द्यायला लावली; अशा भंगात मान्य होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यावं, या सूत्राचा आधार त्यात घेतला आहे. शर्तीचा भंग झाला म्हणून शून्य, असं सरसकट चालत नाही, एवढा त्याचा तुमच्यासाठी उपयोग. पण लगेच ७५ला हो म्हणू नका. आधी "भंगाचा अपघाताशी संबंध काय" हे लेखी विचारा.

एक उपप्रश्न तुम्ही विचारलेला नाही, सर्व्हेअर विचारेल. ही गाडी स्पर्धेला नेता का? खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर मुळातच वगळलेले असतात. टॅरिफमध्ये, म्हणजे वाहन विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, त्यासाठी वेगळी एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडायचं कलम) आहे. तुम्ही ऑफिसातून घरी येत होतात, तेव्हा या अपघाताला ते लागू नाही. पण दारावर स्पर्धेचे नंबरचे स्टिकर तसेच असतील तर प्रश्न येणारच. खरं उत्तर द्या.

आता पैशांचं. झिरो डेप नाही म्हणजे घसारा लागणार, आणि तो कसा लागतो हे बिल हातात पडायच्या आत माहीत असलेलं बरं. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: तिसरं वर्ष संपून चौथं चालू असेल तर २५ टक्के, चार वर्षं पूर्ण होऊन पाचवं चालू असेल तर ३५. पाचच्या पुढे दहापर्यंत ४०. रबर, प्लास्टिक, नायलॉन, बॅटरी आणि एअरबॅग या सगळ्यावर सरसकट ५०, गाडी सहा महिन्यांची असली तरी. फायबर ग्लासवर ३०. काचेवर काही नाही. मजुरीवर काही नाही. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात.

समजा, पाचवं वर्ष चालू आहे. लोखंडी पार्ट ६० हजारांचे, प्लास्टिक-रबर ३० हजार, काच १२ हजार, रंगकाम ४८ हजार, बाकी मजुरी ४० हजार. एकूण १ लाख ९० हजार. लोखंडाचे ३९ मिळतील, प्लास्टिकचे १५, काचेचे १२ पूर्ण, रंगाचे ४८ पैकी ४२, मजुरी पूर्ण ४०. झाले १ लाख ४८ हजार. त्यातून सक्तीची वजावट २ हजार, कारण इंजिन १५०० सीसीच्या वर. वर भंगाराची किंमत कापतील, आणि ऑइल, कूलंट, नटबोल्ट असल्या किरकोळ सामानाचे पैसे तुमचेच. म्हणजे ४५-५० हजार खिशातून जातील असं धरून चाला. वाचवलेला हप्ता आणि हा आकडा शेजारी ठेवून बघू नका, त्रास होईल.

पुढचं आणि मागचं नुकसान एकाच अपघातातलं आहे, तेव्हा क्लेम एक, फॉर्म एक, वजावट एकदाच. काही ॲडव्हायझर पुढचा-मागचा असे दोन क्लेम सुचवतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. नाही म्हणा.

टायरचं वेगळं आहे. साध्या पॉलिसीत टायर एकटा फाटला तर काही मिळत नाही. गाडीबरोबर फाटला तर बदलण्याच्या खर्चाच्या निम्मे. आणि ते निम्मे कंपनीच्या मापाच्या टायरचे, तुमच्या महागड्या एमटीचे नाहीत. तसंच फेंडरचं. नवा फेंडर मिळेल, पण बिनभोकाचा. स्नॉर्कलसाठी तो कापायचा खर्च तुमचा, आणि माझं ऐकाल तर नवा कोरा फेंडर कापू नका. गाडीला मॅट रॅप असेल तर रंग कंपनीच्या मूळ शेडचाच मिळेल.

म्हणून इस्टिमेट बनतानाच दोन कागद करायला लावा. एकावर मूळ गाडी, दुसऱ्यावर तुमचं सामान. एकाच इस्टिमेटमध्ये "बंपर रिमूव्ह-रिफिट" अशी ओळ घुसली की सर्व्हेअर लाल पेन काढतो आणि मग ते पेन शेजारच्या ओळींवरही फिरतं. गाडी उघडताना समोर उभे राहा आणि विंच, बंपर, लाइटबार, स्नॉर्कल, लिफ्टचे स्पेसर यांची यादी करून सही घेऊन घरी न्या. ज्या पार्टचे पैसे कंपनीने दिले तेवढंच भंगार कंपनीचं. ज्याचे दिले नाहीत ते तुमचं. मोडक्या विंचची मोटर नाना पेठेत अजूनही कोणीतरी घेतं.

हे सगळं कागदाचं झालं. आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते सांगतो, कारण ते ना ॲडव्हायझर सांगेल ना मित्र.

तुमच्या गाडीत सगळ्यात मोठं नुकसान बहुधा अजून कोणी पाहिलेलंच नाही. थारची बॉडी वेगळी, चेसी वेगळी. चेसी म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी, दोन लांब रेल आणि मध्ये क्रॉस मेंबर. गाडी बनवणारा पुढच्या टोकाला धक्का खाऊन चुरगळायची सोय ठेवतो. जाड स्टीलचा बंपर विंचसकट थेट रेलच्या टोकाला आवळला की चुरगळायला काही उरत नाही. बंपरवर एक ओरखडा, आणि आतला धक्का सरळ रेलमध्ये. लोक माझ्याकडे येऊन अभिमानाने सांगतात, "बंपरला काही झालं नाही बघा." अहो, बंपरला काही झालं नाही म्हणूनच काळजी वाटते. एअरबॅग उघडल्या नाहीत यावरूनही काही ठरवू नका. त्यांचं उघडणं गाडी किती झटक्यात थांबली यावर असतं, चेसी किती वाकली यावर नाही.

आमच्याकडे मोजणीचं बेंच आहे, पण पहिली तपासणी मी अजून ओळंब्याने करतो. गाडी चार स्टँडवर समपातळीत चढवायची. चेसीच्या दोन्ही रेलला कारखान्यातून पाडलेली भोकं असतात, डावी-उजवी जोडीजोडीने. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा, डुलायचा थांबला की खाली फरशीवर खडूने फुली. अशा आठ-दहा फुल्या झाल्या की गाडी बाजूला घ्यायची आणि टेपने तिरकी अंतरं मोजायची. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजवीपर्यंत, आणि उलट. दोन्ही सारखी आली तर शिडी काटकोनात आहे. गेल्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली होती, विंच बसवलेली, पुढून ठोकलेली, दुसरीकडून "ओके" होऊन आलेली. दारं नीट लागत होती, रंग सुंदर. मालकाची तक्रार एवढीच की गाडी डावीकडे ओढते आणि तीनदा अलाइनमेंट करूनही जात नाही. खडूच्या फुल्यांवर टेप धरला, ११ मिलिमीटरचा फरक. साधारण ३च्या आत असायला हवा. मालक खाली बसून स्वतः पुन्हा मोजत होता. अकराच आले.

दुसरी जागा म्हणजे बंपरच्या ब्रॅकेटची मागची कड. थिनरच्या फडक्याने चिखल पुसा आणि रंग बघा. केसासारखी रेघ दिसली तर ती नुसत्या रंगाची आहे की पत्र्याची, हे बघायला तिथला रंग काढून लाल डाय मारतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसतात, वर पांढरं डेव्हलपर मारतात. पत्रा तडकला असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उगवते. फार वेळाचं काम नाही, सर्व्हेअरसमोर करा, फोटो काढा. विंचची प्लेट बसवायला ज्याने चेसीला भोकं पाडली, त्याच भोकांपासून तडा निघालेला मी अनेकदा पाहिला आहे. तसं निघालं तर सर्व्हेअर तो भाग तुमच्यावर टाकेल, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकणार नाही.

मागून टेम्पो लागलाय, तेव्हा मागच्या दाराकडेही असंच जवळून बघा. थारची स्टेपनी मागच्या दारावर लटकते. टेम्पोचा पहिला धक्का स्टेपनीने घेतला असणार, आणि तुमची स्टेपनी कंपनीच्या टायरपेक्षा जड. ती ढाल होत नाही, ती हातोडा होते. दार आत जातं, आणि बिजागऱ्या खांबाच्या पत्र्यासकट ओढल्या जातात. दार बदलून दिलं तरी खांबाचा पत्रा आत पिळलेला असेल तर नवं दार सहा महिन्यांत खडखडायला लागतं. बिजागरीच्या आतली ट्रिम काढून बघितल्याशिवाय इस्टिमेटवर सही नको.

चेसीचा मोजणी-तक्ता सर्व्हेअरच्या पहिल्या भेटीतच त्याच्या हातात पडला तर उत्तम. गाडी उघडल्यावर जे निघतं त्यासाठी सप्लिमेंटरी इस्टिमेट देता येतं, पण ते काम सुरू करायच्या आत. रेल सरळ केल्यावर "वाकलेला होता हो" म्हणून पैसे मिळत नाहीत. सरळ करायची पद्धतही विचारा. बेंचवर बांधून थंड खेचतात ते ठीक. गॅस लावून लाल करणारा दिसला तर गाडी उचलून आणा. आताच्या चेसीचं स्टील तापवलं की त्याची ताकद जाते आणि ती परत येत नाही. चेसीच बदलायची वेळ आली तर चेसी नंबरचा प्रश्न येतो, आरटीओत नोंद करावी लागते, मालकाची धावपळ होते. तेव्हाच हेही मोजा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर पॉलिसीप्रमाणे गाडी टोटल लॉसमध्ये धरतात. आयडीव्ही ९ लाख असेल तर ती रेषा पावणेसात लाखांवर. तसं झालंच तर गाडी सोपवायच्या आधी आपलं सामान उतरवून घ्यायचं, मात्र सर्व्हे झाल्यावर आणि लेखी कळवून.

गाडी कुठे दुरुस्त करायची याबद्दल माझं मत माझ्याच धंद्याच्या विरुद्ध आहे. चेसी आणि बॉडीचं काम अधिकृत वर्कशॉपमध्ये कॅशलेसवर होऊ द्या. ते म्हणतात लिफ्ट काढा, तर सर्व्हे झाल्यावर काढू द्या. त्यात त्यांचा हेकटपणा नाही. अलाइनमेंट मशीनमध्ये कंपनीच्या उंचीचे आकडे भरलेले असतात. दोन इंच वर उचललेल्या पुढच्या सस्पेन्शनवर ते आकडे जुळत नाहीत आणि उद्या गाडी ओढली तर दोष त्यांच्यावर येतो. मॉडिफिकेशनवाल्याकडे पूर्ण गाडी देऊन नंतर बिलं लावून पैसे घेता येतात, पण तिथे मोजणीचं बेंच आहे का, हे आधी डोळ्यांनी बघा. बहुतेकांकडे वेल्डिंग मशीन असतं आणि आत्मविश्वास असतो.

आणि गाडी तिथून हलवायची असेल तर चालवत नेऊ नका, टोचन करा, फ्लॅटबेड मिळाली तर त्याहून बरं. अपघातानंतर दुरुस्तीशिवाय चालवून वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर, असं पॉलिसीत स्पष्ट असतं. पॉलिसीतून टोचनचे दीड हजारांपर्यंत मिळतात.

तुमच्या विंच-बंपरचे पैसे पूर्ण बुडाले असं मात्र नाही. चूक टेम्पोची आहे. तुमच्या कंपनीने जे दिलं नाही, म्हणजे घसारा, वजावट आणि बाहेरचं सामान, ते टेम्पोच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सकडून मागता येतं. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आपल्याकडे शिवाजीनगरला. थर्ड पार्टीच्या मालमत्तेच्या नुकसानीची कंपनीवरची मर्यादा साडेसात लाख आहे, आणि दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे. तेच नुकसान दोनदा मागायचं नाही. लाइटबारसारख्या सामानाची पक्की बिलं असतील तर जोडा. बंपरची मागणी केली तर समोरचा वकील कलम ५२ काढेल. ४०-५० हजारांसाठी कोर्टात जायचं का, हे तुमच्या स्वभावावर आहे. मी जाणार नाही. पण टेम्पोचा नंबर, पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स यांचे फोटो आत्ताच मिळवून ठेवा, विचार नंतर बदलला तर पंचाईत नको.

कंपनीने लेखी नकार दिला, किंवा तक्रार करून ३० दिवस उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे. वकील लागत नाही, फी नाही. नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. सर्व्हे रिपोर्टची प्रत कंपनीकडून आधी मागून घ्या, ती मागायचा हक्क तुम्हाला आहे.

पुढच्या वर्षी रिन्यूअलला लाइटबार ठेवणार असाल तर पक्क्या बिलासकट इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून नोंदवा. टॅरिफमध्ये त्याचा दर किमतीच्या ४ टक्के होता. २० हजारांच्या लाइटबारला ८०० रुपये. आणि झिरो डेप घ्या, मिळत असेल तर.

राहिला लिफ्टचा प्रश्न. मला विचाराल तर शहरात रोज ऑफिसला न्यायच्या गाडीला ती नको. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, मुळशीच्या चिखलात तेवढा पुरतो. पण तुम्ही बसवणारच, हे प्रश्नाच्या सुरावरून कळतंय. मग एवढं करा. सर्व्हेअरचं री-इन्स्पेक्शन झालं, गाडी ताब्यात आली, की पहिले १ हजार किलोमीटर कंपनीच्या स्प्रिंगवर आणि कंपनीच्या मापाच्या टायरवर चालवा. बंगळुरू हायवेवर मोकळा, सपाट पट्टा बघून स्टीअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा. टायरची आतली आणि बाहेरची कड हाताने चाचपून बघा, एक बाजू करवतीसारखी लागते का. तेव्हाच गाडी ओढत असेल तर चेसीचं काम अर्धवट राहिलंय आणि वर्कशॉपला ते फुकट करून द्यावं लागेल. आधी लिफ्ट बसवलीत आणि मग गाडी ओढायला लागली, तर ते हात वर करतील, म्हणतील लिफ्टमुळे. आणि मी जरी तिथे उभा असलो तरी मला त्यांना खोटं पाडता येणार नाही.